सावली आधी, नाक-डोळे मागून : वाचकांचे प्रश्न

जुन्या युरोपीय चित्रकारांची डोक्यांची रेखाटनं समोर ठेवून टोनमध्ये, म्हणजे रेषेऐवजी उजळ-गडद छटांत, पोर्ट्रेट कसं शिकायचं, याविषयी मुंबई आणि आसपासच्या वाचकांची पत्रं आली आहेत. त्यांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. रंगांविषयीची पत्रं बाजूला ठेवली आहेत.

प्रश्न : मी इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा दिली आहे. रेषेत चेहरा बरोबर येतो, घरचे लगेच ओळखतात. पण शेडिंग करायला घेतलं की चेहरा मळतो, काळवंडतो. कुठे चुकतंय?
— विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर : तुम्ही शेडिंग बहुधा एका डोळ्यापासून सुरू करत असाल. आधी डोळा पूर्ण, मग नाक, मग ओठ. असं केलं की प्रत्येक अवयवाला स्वतःचा पांढरा आणि स्वतःचा काळा मिळतो आणि चेहऱ्यावर नुसती ठिगळं दिसतात. जुनी रेखाटनं नीट पाहिलीत तर मुळात दोनच वाटण्या सापडतील : दिव्याचा उजेड पोचतो ती बाजू आणि पोचत नाही ती बाजू. बाकीचं सगळं काम या दोन वाटण्यांच्या आत बसवलेलं असतं.

क्रम असा ठेवा. कार्ट्रिज कागदावर, कपाळावरच्या केसांपासून हनुवटीपर्यंत १५ ते १८ सेंटिमीटर येईल एवढं डोकं घ्या. याहून लहान घेतलं तर पापणीची सावली पेन्सिलीच्या टोकापेक्षा बारीक होते आणि तिथे फक्त रेघ मारता येते, टोन देता येत नाही. एचबीने, हात हलका ठेवून, बाहेरचा आकार आणि डोळे-नाक-तोंडाच्या जागा एवढंच काढा. मग मूळ चित्राकडे डोळे किलकिले करून पाहा. पापण्या इतक्या मिटा की बुबुळं आणि भुवईचे केस दिसेनासे होतील. आता जे काळपट तुकडे उरतील त्यांच्या हद्दी आखा : भुवईखालची खोबण, नाकाची एक बाजू, नाकपुडीखालची पडछाया (एका भागाची दुसऱ्यावर पडलेली सावली), वरचा ओठ, खालच्या ओठाखालची खाच, गालाच्या हाडावरून जबड्याकडे उतरणारी कड, हनुवटीखालची मान. पुष्कळ चित्रांत हे तुकडे एकमेकांत मिसळलेले असतात. डोळ्याची खोबण नाकाच्या बाजूने थेट नाकपुडीखाली उतरते. मिसळलेले असतील तिथे मिसळूनच काढा, मधे डोळ्याची रेघ आली म्हणून थांबू नका.

आता २बीने या सगळ्या सावल्या एकाच सपाट टोनने भरा. खोबणीत जो टोन, तोच मानेवर. उजेडाच्या बाजूला कागद कोरा राहू द्या. बोर्ड भिंतीला टेकवून सात-आठ फुटांवरून पाहा. माणूस एवढ्यावरच ओळखू यायला हवा. येत नसेल तर सावल्यांचे आकार चुकले आहेत, आणि वर कितीही नाजूक काम केलंत तरी ते झाकलं जाणार नाही. खोडा आणि हद्दी पुन्हा आखा.

पुढच्या कामासाठी कागदाच्या कडेला पाच टोनची पट्टी काढून ठेवा. १ म्हणजे कोरा कागद, ५ म्हणजे ६बीचा सगळ्यात गडद टोन. त्यातले १, २, ३ उजेडाचे. ४ आणि ५ सावलीचे. सावलीतली सगळ्यात उजळ जागासुद्धा उजेडातल्या सगळ्यात गडद जागेपेक्षा गडदच राहिली पाहिजे. हा नियम मोडला की चेहरा मळतो, आणि तो हमखास दोन ठिकाणी मोडतो. एक, जबड्याच्या खाली. कपड्यावरून किंवा खांद्यावरून उडालेला उजेड तिथे पोचतो आणि शेजारी गडद पट्टा असल्यामुळे डोळ्याला फार उजळ भासतो. तो ४ च्या पुढे उजळ करायचा नाही. दुसरं, गाल आणि कपाळ वळतात तिथला मधला टोन. लोक तो ३ ऐवजी ४ करून बसतात आणि उजेड-सावलीची हद्दच पुसली जाते. शंका आली तर करड्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या, प्रत्येकाला पंचिंग मशीनने एक भोक पाडा. एक भोक जबड्याखालच्या उजळ जागेवर धरा, दुसरं गालाच्या मधल्या टोनवर. शेजारचं झाकलं गेलं की खरा टोन कळतो. बहुतेकांना पहिल्यांदा यावर विश्वास बसत नाही.

कडांकडेही असंच पाहा. नाकाखालची पडछाया जिथून सुरू होते तिथे तिची कड धारदार असते, पुढे ओठाकडे जाताना सैल पडते. गालावर, जिथे हाड हळूहळू वळतं, तिथे उजेड आणि सावली यांच्यामधली कड मुळातच मऊ असते. दोन्हीकडे एकसारखी कड ठेवली की चेहरा पत्र्याचा वाटतो.

आणि बोट लावू नका. कातडीचं तेल कागदात उतरतं, मग पुढचा हात तिथे चकाकतो किंवा धरतच नाही, आणि खोडलं तरी डाग राहतो. मऊ करायचंच असेल तर कागदी स्टंप (टोन घासायची गुंडाळलेल्या कागदाची कांडी) वापरा, तोही सावलीत. ६बी अगदी शेवटी, तीन-चार जागांपुरती. आधीच दाबून वापरली की ग्राफाइट चकाकायला लागतं आणि काळं दिसायच्या ऐवजी बाजूने रुपेरी दिसतं.

प्रश्न : सुरुवात कोणत्या चित्रापासून करावी? शिकवणीत सांगतात की आधी बार्गच्या सगळ्या प्लेट्स संपवा, मगच बाकीचं.
— गृहिणी, गिरगाव

उत्तर : सगळ्या संपवायची गरज नाही. शार्ल बार्ग यांनी चित्रकार जेरोम यांच्या साथीने १८६६ ते १८७१ या काळात पॅरिसमध्ये हा संच काढला. १९७ लिथोग्राफ (दगडावरून छापलेल्या) प्लेट्स, तीन भाग : प्लास्टरचे साचे, जुन्या चित्रकारांच्या कामाच्या नकला आणि चारकोलमधली मॉडेलची चित्रं. पहिल्या भागाचा खरा उपयोग असा की सावल्यांचे आकार तुमच्यासाठी आधीच सोपे करून दिलेले आहेत. एक कान, एक पाऊल आणि एक-दोन डोकी नीट करा. पुढे मात्र या प्लेट्सची गुळगुळीत सफाई गळ्यात पडते. विद्यार्थी महिनामहिना टोन घोटत बसतात आणि नवा आकार पाहायचं राहूनच जातं.

त्यानंतर राफाएलचं दोन प्रेषितांची (येशूच्या शिष्यांची) डोकी आणि हात असलेलं रेखाटन घ्या. काळ्या खडूतलं, १५१९-२० च्या सुमाराचं, ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. तरुण प्रेषिताच्या चेहऱ्यावर उजेडाची दिशा स्पष्ट आहे, सावल्या मोठ्या आणि जोडलेल्या आहेत. पहिल्या खेपेला म्हाताऱ्याचं डोकं सोडून द्या, दाढीत अडकाल.

सोळाव्या शतकातला जर्मन चित्रकार होल्बाइन मागे ठेवा. इंग्लंडच्या विंडसर राजवाड्यात असलेली त्याची इंग्लंडमधल्या दरबारी माणसांची डोकी फार सोपी दिसतात, म्हणून नवशिके तिथेच पहिला हात घालतात. त्या चेहऱ्यांवर सावली जवळजवळ नाहीच. गुलाबी अस्तर दिलेल्या कागदावर अगदी थोडा टोन आणि बाकी सगळा भार रेषेवर. टोन शिकायला बसलेल्या माणसाला तिथे धरायला काहीच सापडत नाही. चांदीच्या सुईने केलेली रेखाटनंही सध्या नकोत. धातूची रेघ कितीही दाबली तरी एका मर्यादेपुढे गडद होत नाही, त्यामुळे तुमची पाच टोनची पट्टी तिथे तीनवरच थांबते.

मुंबईकरांना एक जास्तीची सोय आहे. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्लास्टरच्या ग्रीक-रोमन साच्यांवरून रेखाटन करायची जुनी परंपरा आहे, आणि ती पांढऱ्या वस्तूवर सावली पाहण्यासाठीच होती. तुम्हाला साचा मिळाला नाही तर गणपतीच्या आधीच्या महिन्यांत लालबाग-परळच्या कारखान्यांत न रंगवलेल्या मूर्ती ओळीने असतात. मालकांना विचारून एका कोपऱ्यात अर्धा तास उभं राहा. सोंड, कान आणि पोट यांच्यावर अंगची सावली (वस्तूच्या उजेडापासून वळलेल्या बाजूवरची) आणि पडछाया यांतला फरक इतका सरळ दिसतो की पुस्तक उघडावं लागत नाही.

प्रश्न : चौकडी मारून कॉपी केली तर चालते का?
— वाचक, कुर्ला

उत्तर : मोठं करायला चालते. जुने चित्रकारही रेखाटन भिंतीवर नेताना चौकडी मारत, नाहीतर रेषांवर भोकं पाडून कोळशाची पूड थापत. वर सांगितलेल्या राफाएलच्या कागदावर तसे ठिपके दिसतात. शिकायला मात्र चौकडी घातक, कारण तुम्ही डोकं न पाहता चौकोन पाहता. छापील चित्रावर फक्त एक उभी आणि एक आडवी रेघ ठेवा. उभीसाठी दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा. चित्र आणि कागद एकाच उंचीवर, शेजारी शेजारी, एकाच आकारात लावा आणि मागे सरकून पाहा. पूर्ण झाल्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून तपासा, आधी नाही.

प्रश्न : मी मोबाइलवर चित्र झूम करून कॉपी करतो. टोन नेहमी जास्त गडद येतात.
— नोकरदार, वसई

उत्तर : पडदा मागून उजळलेला असतो, कागद समोरच्या उजेडावर चालतो. पडद्यावरचा पांढरा तुमच्या कागदाकडे नाहीच, म्हणून ते अंतर भरून काढायला तुम्ही काळा वाढवत जाता. झूम केल्याने आणखी बिघडतं : गालाचा दोन बोटांएवढा तुकडा पडदाभर झाला की त्यातला बारीकसा फरकही मोठा वाटतो आणि तुम्ही त्याला पूर्ण टोन देता.

मोबाइलच वापरायचा असेल तर आपोआप कमी-जास्त होणारा ब्राइटनेस बंद करा, रात्रीचा पिवळा मोड बंद करा, आणि पूर्ण डोकं मावेल याहून जास्त झूम नको. छापून घेतलंत तर उत्तम. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून हक्क संपलेल्या कलाकृतींच्या मोठ्या फाइली मोफत खुल्या केल्या आहेत. तिथे मूळ मापही दिलेलं असतं. शक्य तिथे मूळ आकारातच प्रिंट काढा. चकचकीत कागद नको, मॅट घ्या. झेरॉक्सच्या दुकानातल्या लेझर प्रिंटमध्ये गडद जागा एकमेकांत बुडतात, म्हणून डोळ्याच्या खोबणीत आणि केसांत काय आहे ते पडद्यावर एकदा पडताळून घ्या.

छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं आहेत. ती रेखाटनं नव्हेत, पण डोळे किलकिले करून दोन वाटण्या शोधायचा सराव प्रत्यक्ष चित्रासमोर होतो, आणि पडद्याची सवय मोडते.

प्रश्न : करड्या कागदावर काळा चारकोल आणि पांढरी पेन्सिल वापरली, तर गाल निळसर आणि पीठ फासल्यासारखा दिसतो. दुसरी शंका : एका जुन्या रेखाटनात कपाळावर हायलाइटच्या जागी काळे डाग आहेत. ते चित्रकाराने मुद्दाम केले का?
— कलाशिक्षक, परळ

उत्तर : करड्या कागदावर कागद हाच टोन ३ असतो, हे विसरलं की असं होतं. उजेडाचा सगळा भाग पांढऱ्याने भरायचा नसतो. पांढरा फक्त १ आणि २ साठी, म्हणजे चेहऱ्याचा अगदी लहान भाग : कपाळाचा उंचवटा, नाकाचा शेंडा, गालाच्या हाडाची वरची बाजू, खालच्या ओठावरचा ठिपका. काळा सावलीत राहतो. दोघांच्या मधे कोऱ्या कागदाची पट्टी हवीच. मधला टोन तीच देते.

निळसरपणाचं कारण म्हणजे काळ्यावर बसलेला पांढऱ्या कणांचा पातळ थर. असा थर निळा उजेड जास्त विखुरतो, म्हणून राखाडी थंड पडतो. एकदा मिसळलं की सुधारत नाही. पुट्टी रबराने (मळून आकार देता येणाऱ्या मऊ खोडरबराने) ती जागा कागदापर्यंत उचलून घ्या. काळं काम पूर्ण करा, बोर्ड उभा धरून मागून टिचकी मारून पूड झाडा, आणि पांढरा सगळ्यात शेवटी लावा. स्टंप दोन ठेवा, काळ्याचा वेगळा, पांढऱ्याचा वेगळा. पांढरी पेन्सिल खडूची किंवा चारकोलची घ्या. मेणाची रंगीत पांढरी पेन्सिल चारकोलवर घसरते.

काळ्या डागांचं म्हणाल तर ते मुळात पांढरेच होते. त्या काळी उजळ जागांना शिशाचा पांढरा रंग लावत. हवेतल्या गंधकयुक्त वायूने त्याचं काळं लेड सल्फाइड होतं. तिथे नकलेत पांढराच लावा. कागदावरचे तपकिरी ठिपके, पाण्याचे डाग आणि घडीच्या खुणा उतरवत बसू नका. निळ्या कागदावरची जुनी कामंही आज करडी किंवा तपकिरी दिसतात, कारण निळा रंग उडालेला असतो. पुढे तीन रंगांच्या खडूंकडे वळायचं असेल तर रुबेन्सचं त्याच्या मुलाचं, निकोलासचं, रेखाटन घ्या. १६१९ च्या सुमाराचं, व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात. काळा, लाल, पांढरा, तिन्ही आहेत आणि कोणता खडू कुठे संपतो ते दिसतं.

प्रश्न : लाल खडूतल्या चित्राची पेन्सिलीत कॉपी करता येते का? आणि लाल खडू म्हणजे आपला गेरूच ना?
— वाचक, विलेपार्ले

उत्तर : द्रव्य एकच : लोहाचा ऑक्साइड. चित्रकारांचा नैसर्गिक लाल खडू मातीमिश्रित, बारीक कणांचा आणि टोक धरणारा असतो. वाण्याकडचा गेरू भुसभुशीत असतो, त्यात खर असते आणि ती कागद ओरबाडते. हाताला सवय म्हणून करून पाहा, कामाला सँग्विन (लाल खडूची) पेन्सिल किंवा कॉन्टे कंपनीची लाल कांडी घ्या. ती सहज खोडता येत नाही, त्यामुळे पहिली आखणी इतकी फिकी ठेवा की ती तुम्हालाच जेमतेम दिसेल. सगळ्यात गडद जागांसाठी टोक किंचित ओलं करायची जुनी पद्धत आहे. ओली रेघ गडद उमटते.

पेन्सिलीत कॉपी करताना लक्षात ठेवायची एकच गोष्ट म्हणजे लाल खडू काळ्याइतका गडद होत नाही. मायकेलअँजेलोच्या लिबियन सिबिलच्या (पाठमोऱ्या भविष्यवेत्तीच्या) लाल खडूतल्या अभ्यासात, जो आता मेट्रोपॉलिटनमध्ये आहे, सगळ्यात गडद जागासुद्धा तपकिरी-लालच राहते. पेन्सिलीत २बीच्या पुढे जाऊ नका. ६बी लावलीत तर पाठीचे स्नायू दगडासारखे कापलेले दिसतील.

प्रश्न : माझी मुलगी डावखुरी आहे, नववीत शिकते. हॅचिंग (समांतर रेघांनी केलेली शेडिंग) उलटं जातं म्हणून सर रागावतात. सवय बदलावी का?
— पालक, ठाणे

उत्तर : बदलू नका. लिओनार्दो डावखुरा होता आणि त्याची समांतर रेघांची शेडिंग डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरते. उजव्या हाताची रेघ साधारण याच्या उलट, डावीकडून खालून उजवीकडे वर जाते. डावखुऱ्या मुलीला त्याची रेखाटनं तर जशीच्या तशी बसतील. उजव्या हाताने केलेल्या चित्राची कॉपी करताना रेघांची दिशा आरशातल्यासारखी झाली तरी टोन बरोबर आला की पुरे. जिथे रेघ गालाच्या किंवा मानेच्या वळणावरून फिरते तिथे मात्र दिशा पाळायला हवी; तिथे बोर्ड फिरवावा, मनगट वाकवू नये. काम उजवीकडून डावीकडे न्यावं आणि हाताखाली कोरा कागद ठेवावा.

प्रश्न : पावसाळ्यात कागद लिबलिबीत होतो, चारकोल बसत नाही, आणि फिक्सेटिव्ह (पूड कागदावर पक्की बसवणारा फवारा) मारलं की चित्रावर पांढुरकी साय येते.
— वाचक, भांडुप

उत्तर : जुलैत हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते आणि कागद ती शोषून घेतो. तंतू फुगतात, पृष्ठभाग मऊ पडतो, चारकोलला घासायला खरखरीतपणा उरत नाही आणि पेन्सिलीचं टोक आत रुततं. कोरे कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लॅस्टिकच्या बंद फोल्डरमध्ये ठेवा. पुड्या अधूनमधून बदला. कामाआधी कोरा कागद दोन साध्या कागदांच्या मधे ठेवून, मंद इस्त्री मागच्या बाजूने फिरवली तरी फरक पडतो. चित्र काढलेल्या कागदावर इस्त्री कधीही नको. या दिवसांत वेलीच्या किंवा विलोच्या मऊ काड्यांपेक्षा चारकोल पेन्सिल किंवा दाबून बनवलेली कांडी बरी धरते, मात्र ती खोडायला अवघड.

सायीचं कारण असं : फिक्सेटिव्हमधलं द्रावण झपाट्याने उडतं, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं बाष्प त्या ओल्या थरावर जमतं. पाऊस उघडलेल्या दुपारी, गॅलरीत किंवा गच्चीवर मारा आणि लगेच कोरड्या खोलीत आणा. बंद खोलीत मारू नका, त्याची वाफ श्वासाला वाईट. कागद उभा, डबा ३० सेंटिमीटरवर, फवारा कागदाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. दोन-तीन पातळ थर, मधे दहा मिनिटं. पांढऱ्या खडूचे हायलाइट फिक्सेटिव्हखाली जवळजवळ नाहीसे होतात, म्हणून आधी फिक्स करा आणि पांढरा नंतर लावून तसाच सोडा. केसांचा स्प्रे स्वस्त पडतो म्हणून वापरतात. तो पिवळा पडतो आणि चिकट राहिला तर त्याच्यावर धूळ बसते.

ठेवताना प्रत्येक चित्रावर बटर पेपर. फ्रेम केलीत तर काच कागदाला टेकता कामा नये, माउंट जाड घ्या. बाहेरच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर टांगू नका. बुरशी मागच्या बाजूने सुरू होते आणि पुढे दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

प्रश्न : कॉपी चांगल्या होतात, पण घरातल्या माणसाला समोर बसवलं की सगळं कोसळतं. शिवाय आमच्याकडे सगळे सावळे. युरोपीय चित्रांतले टोन वापरले की वडील गोरे दिसतात, गडद केलं की चेहराच हरवतो.
— वाचक, घाटकोपर

उत्तर : पहिला दोष बहुतेक खोलीतल्या उजेडाचा. आपल्या घरांत दोन भिंतींवर दोन ट्यूबलाइट असतात आणि त्या एकमेकींच्या सावल्या मारतात. ज्या चित्रांची कॉपी केलीत त्यांत उजेड एकाच बाजूने येतो. ट्यूब बंद करा, ९ वॉटचा एक एलईडी दिवा वडिलांपासून पाच-सहा फुटांवर, त्यांच्या डोक्याच्या दोनेक फूट वर आणि एका बाजूला ४५ अंशांत ठेवा. तुमच्या कागदावर पडणारा दिवा वेगळा, तो त्यांच्या चेहऱ्यावर जाऊ देऊ नका. दिवसा चाळीच्या खोलीत दाराकडून येणारा उजेड सुंदर असतो. समोरची खिडकी तेवढी झाका.

दुसरं, कॉपी करताना गोल डोकं सपाट करायचं काम मूळ चित्रकाराने करून ठेवलेलं होतं, ते आता तुमच्याकडे आलं. मापं घेताना एक डोळा मिटा. ज्या चित्राची कॉपी केलीत त्याच वळणाने, त्याच दिशेच्या उजेडात वडिलांना बसवा, आणि एक पूर्ण चित्र करण्याऐवजी वीस-वीस मिनिटांचे दोनच टोनचे नकाशे करा. नाकाखालच्या पडछायेचा आकार माणसागणिक किती वेगळा असतो ते तिथे कळतं.

आता सावळेपणाचं. कातडीचा स्वतःचा टोन असतो, आणि तो उजेडातही जात नाही. युरोपीय चित्रात कपाळ १ असेल, तर वडिलांचं कपाळ भर उजेडात २ किंवा ३ असेल. कागद कोरा सोडलात की ते गोरे झाले. उलट सगळा चेहरा ३ करून सावली ४ केलीत तर दोन वाटण्यांत अंतरच उरत नाही, म्हणून चेहरा हरवतो. उपाय असा : उजेडाच्या सगळ्या बाजूला आधी सपाट २ द्या, वळणावर ३, आणि सावली थेट ५ च्या जवळ न्या. मधला ४ मोकळा सोडा. ते अंतरच चेहरा घडवतं. कोरा कागद फक्त चकाकीसाठी राखा.

ही चकाकी सावळ्या चेहऱ्यावर जास्त कामाची असते. गोऱ्या कातडीवर उजेड हळूहळू मावळतो आणि मधले टोन घडण सांगतात. गडद कातडीवर ते मधले टोन जवळजवळ येतात आणि तेलकट पृष्ठभागावरचे हायलाइट शेजारच्या गडदपणामुळे ठळक, स्पष्ट कडांचे दिसतात. हाड कुठे आहे ते हेच सांगतात. मुंबईच्या घामट हवेत ते कपाळभर विखुरतात. दिव्याला सगळ्यात जवळचे तीन-चार ठेवा, बाकीचे गिळून टाका. पार्श्वभूमी पांढरी ठेवलीत तर चेहरा आहे त्याहून काळा वाटेल, म्हणून मागे २ चा टोन द्या. खाकी किंवा मध्यम करडा कागद घेतलात तर निम्मं काम कागदच करतो. साधा ब्राउन पेपर सरावापुरता ठीक आहे, त्यात आम्ल असतं आणि तो ठिसूळ होऊन तुटतो.

या बाबतीत युरोपीय नमुन्यांपेक्षा जे. जे.मधून शिकून गेलेले आपले चित्रकार जास्त उपयोगाचे. धुरंधर, पिठावाला, त्रिंदाद, हळदणकर यांनी हेच पाश्चात्त्य शिक्षण घेऊन इथले चेहरे रंगवले. त्यांच्या चित्रांच्या छापील प्रतींवर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि उजेडातल्या कपाळाला कोणता टोन दिला आहे एवढंच पट्टीवर मोजा. एका संध्याकाळचं काम आहे.

प्रश्न : जुन्या चित्रांच्या कॉपी विकता किंवा प्रदर्शनात लावता येतात का?
— वाचक, दादर

उत्तर : राफाएल-रुबेन्सबद्दल अडचण नाही. भारतीय कायद्यात चित्रकाराच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कामाचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. धुरंधर १९४४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या अशा कामावरचा हक्क २००४ अखेर संपला. हळदणकर १९६८ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांवरचा २०२८ अखेरपर्यंत आहे. तोवर घरी सराव करा, विकू नका.

मूळ सही कधीही उतरवायची नाही. समोर खाली ‘राफाएलवरून’ असं लिहून आपली सही करा. मागे पेन्सिलीने मूळ चित्राचं नाव, माध्यम, संग्रहालय, तुमच्या कॉपीचं माप आणि तारीख लिहा. माप मूळ चित्रापेक्षा स्पष्टपणे लहान किंवा मोठं ठेवलंत तर पुढे कुणाच्या हाती ते मूळ म्हणून खपायचा प्रश्न उरत नाही. शिकण्यासाठी केलेली मूळ आकारातली कॉपी घरीच राहू द्या.